फिरता गॅस शेगडी मेकॅनिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराड, उंब्रज, पाटण या पट्ट्यात दुचाकीवरून घरोघरी फिरून गॅस शेगड्या आणि गिझर दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे. मला प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक, हे काम शिकायला निघालेली पोरं. दुसरे, ज्यांच्या स्वयंपाकघरात मी जातो ती घरची मंडळी. दोघांचे प्रश्न मुद्दाम एकत्र ठेवले आहेत. मेकॅनिकनं काय करायला हवं हे घरच्यांना माहीत असलं, की मेकॅनिकलाही काम नीटच करावं लागतं.

एजन्सीचा मेकॅनिक आणि फिरता मेकॅनिक यांत फरक काय?

एजन्सीचा माणूस वितरकाच्या वतीनं येतो. सिलिंडर, त्याचा व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर या वस्तू गॅस कंपनीच्या असतात. तुम्ही अनामत भरून त्या वापरता, आणि त्यांची दुरुस्ती किंवा बदली वितरकानंच करायची असते. फिरत्या मेकॅनिकचं काम रेग्युलेटरच्या पुढे सुरू होतं: शेगडीचा कॉक (नॉबमागची गॅसची चावी), जेट (गॅस सोडणारं बारीक छिद्राचं पितळी तोंड), बर्नर, आतली गॅसची पाइप, लायटर, गिझर. ही हद्द ज्याला पाळता येत नाही त्यानं या धंद्यात येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रेग्युलेटर उघडून आतला पडदा बदलून देणारे, सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये खिळा घालून पिन दाबून बघणारे लोक मी पाहिलेत. अशी माणसं घरात घेऊ नका.

हे काम करायला किती शिक्षण लागतं? परवाना लागतो का?

दहावी झालेला, हातानं काम करायची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी हे काम शिकू शकते. आयटीआयमध्ये फिटर किंवा प्लंबर केलेलं असेल तर पाना धरायची सवय झालेली असते, एवढा फायदा. एलपीजी मेकॅनिक या कामासाठी हायड्रोकार्बन क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचा अभ्यासक्रम आहे. त्याचं प्रमाणपत्र जवळ असलं की एजन्सीत काम मिळायला सोपं जातं आणि लोकांचाही विश्वास बसतो. पण एकट्या प्रमाणपत्रानं हात तयार होत नाही. निदान एक सुगी तरी, म्हणजे गणपतीपासून दिवाळी उलटेपर्यंत, एखाद्या जुन्या मेकॅनिकच्या मागं पिशवी धरून फिरा. तेवढ्या काळात बहुतेक सगळे बिघाड नजरेखालून जातात.

जीएसटीचं विचारतात म्हणून सांगतो: फक्त सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. एकट्यानं फिरणारा माणूस त्या आकड्याच्या जवळही जात नाही. तरी पावतीपुस्तक ठेवा. का, ते पुढे येईल.

पिशवीत काय काय असावं?

दोन-तीन मापांचे पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, तांब्याच्या बारीक तारा, पितळी तारेचा ब्रश, जुना दात घासायचा ब्रश, सुती फडकं, उष्णतेला टिकणारं कॉकचं ग्रीस, एलपीजीचे (सिलिंडरच्या गॅसचे) आणि पीएनजीचे (पाइपच्या गॅसचे) जेट वेगवेगळ्या डब्यांत, नॉब, स्प्रिंगा, वॉशर, गिझरचे डायफ्राम आणि सेल. आणि साबणाच्या पाण्याची बाटली. बाकी एखादी वस्तू विसरली तर पुन्हा फेरी मारता येते. साबणाचं पाणी नसेल तर त्या दिवशी कामाला बाहेर पडू नये.

काडेपेटी पिशवीत ठेवू नका. पेटती काडी फिरवून गळती शोधायची जुनी खोड अजून काही हातांत आहे. ती तुमच्या हाताला लागायलाच नको.

घरात शिरल्यावर पहिलं काम कोणतं?

ऐकणं. काकू सांगत असतात, "मोठा बर्नर नीट चालतोय, बारका मिणमिण करतोय." निम्मं निदान तिथंच झालेलं असतं. एकच बर्नर मंद असेल तर दोष त्याच्याच जेटमध्ये किंवा कॉकमध्ये. दोन्ही बर्नर एकदम मंद असतील तर शेगडीला हात लावायच्या आधी मागं बघा: सिलिंडर संपत आलाय का, नळी कुठं मुडपलीय का, सिलिंडरच्या तळाखाली दबलीय का, रेग्युलेटर बिघडलाय का. दोन्ही ज्योती आपोआप कमी-जास्त होत असतील तर बहुधा रेग्युलेटर, आणि तो एजन्सीतून बदलून घ्यायचा. वास फक्त शेगडी बंद असताना येत असेल तर संशय कॉकवर, सांध्यांवर आणि नळीवर. फक्त पेटवल्यावर येत असेल तर जेट आणि बर्नर यांच्या मधे कुठंतरी.

शेगडी खोलायच्या आधी रेग्युलेटर बंद करायचा, बर्नर पेटवून नळीतला उरलेला गॅस जळू द्यायचा, मग रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावायची. हा क्रम घाईच्या दिवशीही मोडायचा नाही.

ज्योत पिवळी होते, भांडी काळी पडतात. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. जेटच्या बारीक छिद्रातून गॅस वेगानं बाहेर पडतो आणि जाता जाता मिक्सिंग ट्यूबच्या तोंडाशी आजूबाजूची हवा आत ओढून घेतो. गॅस आणि हवा नळकांडीत मिसळून बर्नरच्या भोकांशी येतात आणि निळे जळतात. हवा कमी पडली की गॅस पूर्ण जळत नाही, त्यातल्या कोळशाचे कण तापून पिवळे दिसतात आणि तेच भांड्याच्या बुडाला काजळी होऊन बसतात. म्हणजे प्रश्न बहुतेक वेळा हवेचा असतो.

हवा का अडते? ट्यूबच्या तोंडाशी धूळ, पिठाची भुकटी आणि तेलाचा थर बसतो. कोळी जाळं करतो. झुरळ आत मरून पडलेलं असतं. दूध उतू जाऊन बर्नरची भोकं बुजलेली असतात. बर्नरचा पितळी वरचा भाग धुवून परत ठेवताना तिरका बसलेला असतो. यातलं काहीही असलं तरी नवा भाग लागत नाही. ब्रश, कोमट साबणाचं पाणी आणि नीट वाळवणं एवढ्यावर काम भागतं. ओला बर्नर बसवला तर ज्योत थोडा वेळ तडतडते, तेवढी कळ काढा.

दुसरं कारण जास्त वाईट, कारण ते माणसानं केलेलं असतं. जेट चोंदला की कुणीतरी पोलादी सुई घालून फिरवतो. जेट पितळेचा, सुई पोलादाची. छिद्र मोठं होतं, वेडंवाकडं होतं, गॅस जास्त सुटतो, त्याच्या मानानं हवा अपुरी पडते आणि ज्योत कायमची पिवळी होते. गिऱ्हाइकाला आधी वाटतं, "वा, ज्योत मोठी झाली." महिन्याभरानं सिलिंडर लवकर संपायला लागतो. जेटवर आकडा कोरलेला असतो. साफ होत नसेल तर त्याच आकड्याचा नवा घाला. मोठ्या बर्नरचा जेट बारक्याला लावू नका.

सिलिंडर संपत आला की ज्योत काही वेळ तांबूस दिसते. तो शेगडीचा दोष नव्हे. त्यासाठी शेगडी खोलून पैसे घेणं ही लबाडी आहे. ज्योतीत अधूनमधून नारिंगी ठिणग्या दिसल्या तर ती धूळ किंवा मिठाचे कण असतात, त्यालाही काही करायचं नाही.

बर्नर पेटवला की आतून भुर्र असा आवाज येतो, ज्योत आत जाते. धोका आहे का?

आहे. ज्योत बर्नरवर न जळता आत जेटच्या तोंडाशी जळत असते. लगेच नॉब बंद करा. बर्नरचा वरचा भाग झिजून भोकं मोठी झालेली असतात, किंवा तो नीट बसलेला नसतो. झिजला असेल तर बदला. पितळेचा, वजनाला जड बर्नर घ्या. हलके बर्नर लवकर वाकतात.

नॉब जड फिरतो. तेल सोडलं तर चालेल का?

नाही. खोबरेल, गोडेतेल, शिवणयंत्राचं तेल, काहीच नको. उष्णतेनं तेल चिकट होतं आणि कॉक पुढच्या महिन्यात पहिल्यापेक्षा जड होतो.

कॉकच्या आत निमुळता पितळी दट्ट्या असतो. तो आपल्या खोबणीत घासून घासून बसवलेला असतो, त्यामुळे प्रत्येक कॉकची जोडी ठरलेली. दोन कॉक एकाच वेळी खोलले आणि दट्टे अदलाबदल झाले, तर नॉब छान मऊ फिरतो आणि बंद केल्यावरही गॅस झिरपत राहतो. म्हणून एका वेळी एकच कॉक खोलायचा. जुनं वाळलेलं ग्रीस फडक्यानं पुसायचं, पॉलिश पेपर अजिबात लावायचा नाही, नवं ग्रीस अगदी पातळ द्यायचं आणि गॅसचं छिद्र मोकळं आहे ना ते उजेडात धरून पाहायचं. दट्ट्यावर ओरखडे दिसले तर कॉक नवा घाला. ओरखडा असलेला कॉक जास्त ग्रीस भरून दोन-चार महिने चालवता येतो हे मला ठाऊक आहे. तसं करू नका.

काम झाल्यावर गळती कशी तपासायची?

पेटलं म्हणजे झालं, असं समजणारे बरेच आहेत. या धंद्यात मला सगळ्यात जास्त ज्याची काळजी वाटते ती गोष्ट हीच. शेगडी पेटवणं हे गिऱ्हाइकाचं मागणं झालं. गळती नाही हे दाखवणं ही आपली जबाबदारी, आणि ती कुणी मागत नाही म्हणूनच ती जास्त.

रेग्युलेटर चालू, दोन्ही नॉब बंद. मग फडक्यानं किंवा ब्रशनं साबणाचा फेस लावायचा: रेग्युलेटर आणि सिलिंडरचा सांधा, रेग्युलेटरला नळी बसते ती जागा, नळीची पूर्ण लांबी, शेगडीकडचं टोक, आतल्या पाइपचे सांधे, कॉक. प्रत्येक ठिकाणी थांबून बघायचं. फुगा वाढत असेल तर गळती आहे. घरातल्या कुणाला तरी शेजारी उभं करून हे दाखवायचं. पुढच्या वेळी सिलिंडर बदलल्यावर त्या वहिनी स्वतः फेस लावून बघतात.

सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या तोंडात दोन थेंब पाणी टाकून बुडबुडे येतात का हे पाहायचं काम खरं तर सिलिंडर पोचवणाऱ्याचं आहे. घरच्यांनी त्याच्याकडून ते करून घ्यावं, आणि आतली रबरी रिंग जागेवर आहे का तेही दाखवायला सांगावं. त्याच वेळी सिलिंडरच्या वरच्या पट्टीवरचं अक्षर वाचावं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढे वर्षाचे दोन आकडे असतात. त्या तिमाहीपर्यंत सिलिंडरची पुढची चाचणी व्हायची असते. मुदत उलटलेला सिलिंडर परत करायचा तुम्हाला हक्क आहे.

"गॅसचा वास येतोय" असा फोन आला तर?

दुचाकीला किक मारायच्या आधी फोनवरच सांगायचं, आणि हळू आवाजात सांगायचं, कारण पलीकडचं माणूस घाबरलेलं असतं. रेग्युलेटर बंद करा. दारं-खिडक्या उघडा. देवघरातला दिवा, उदबत्ती विझवा. विजेचं कुठलंही बटण चालू करू नका, आणि चालू असलेलं बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. घराबाहेर जा आणि मग बाहेरून १९०६ ला फोन करा. एलपीजी गळतीसाठीचा हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, फरशीवर पसरतो, ओट्याखालच्या ट्रॉलीत, मोरीत साचून राहतो. म्हणून वरची खिडकी उघडली तरी पुरत नाही, दारही उघडं हवं. पीएनजी मात्र हलका, तो छताकडे जातो. मूळ गॅसला वास नसतो. कळावं म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात, कुजक्या कोबीसारखा तो वास त्याचा.

नळी किती वर्षांनी बदलायची?

आतून तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी. तिच्यावर वर्ष आणि आयएसआय खूण छापलेली असते. दीड मीटरपेक्षा लांब नको, दोन तुकडे जोडून नको, भिंतीच्या भोकातून किंवा ड्रॉवरच्या मागून नेलेली नको. नळीवर कापडी किंवा प्लास्टिकचं आवरण घालू नका, भेग पडली तर दिसत नाही. शेतातल्या घरांत उंदीर नळी कुरतडतात, तिथं पाच वर्षांची वाट बघायची नाही.

पाटण खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर मला हा मुद्दा फार जाणवतो. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि डोंगरातल्या घरांत पहिल्यांदा शेगडी आली. कित्येक घरांत कनेक्शनबरोबर मिळालेली नळीच अजून चालू आहे. ज्यांना पुन्हा सिलिंडर भरायला पैसे जमवावे लागतात, त्यांच्याकडे नळीसाठी वेगळे पैसे नसतात. अशा घरात मी नळी एजन्सीच्याच भावात देतो आणि बसवायचे पैसे घेत नाही. प्रत्येकानं असंच करावं असा माझा आग्रह नाही. नळी तडकलेली दिसूनही गप्प राहून बाहेर पडू नये, एवढा आग्रह मात्र आहे.

गिझर बाथरूममध्ये बसवून द्याल का?

नाही. कितीही ओळखीचं घर असलं, कितीही पैसे दिले तरी नाही.

साध्या सहा लिटरच्या गॅस गिझरला जेवढा गॅस लागतो तेवढ्यात घरगुती शेगडीचे पाच-सहा बर्नर एकदम चालतात. बंद बाथरूममध्ये तो चालू झाला की खोलीतली हवा झपाट्यानं संपते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसला वास येतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण हा गॅस गळणारा नसून जळल्यावर तयार होणारा आहे, आणि त्यात मर्कॅप्टन नसतं. अंघोळ करणाऱ्याचं डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. कडी काढायचीही ताकद राहत नाही. दर थंडीत वर्तमानपत्रात अशा बातम्या येतात. तरुण, धडधाकट माणसं असतात ती.

गिझर बाहेर, मोकळ्या हवेत. बाल्कनी, मागचं अंगण, डक्टकडची उघडी भिंत, पावसापासून आडोसा असलेली जागा. सिलिंडरही बाहेरच. आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याचा गिझर असेल तर ते नळकांडं खरंच बाहेर उघडतं का ते हात लावून बघा. पोटमाळ्यात सोडून दिलेली नळकांडी मी पाहिलेली आहेत. आधीच कुणी आत बसवून ठेवलेला गिझर दुरुस्तीला आला तर मी तो सुरू करून देत नाही. आधी बाहेर काढू म्हणतो. काही जण चिडतात आणि दुसऱ्याला बोलावतात. जाऊ द्यावं, पण बोलून जावं, आणि घरात लहान मूल असेल तर दोनदा बोलावं.

कुणी बाथरूममध्ये पडलेलं आढळलं तर दार तोडून आधी मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा, १०८ ला फोन करा. डॉक्टरांना गॅस गिझर चालू होता हे आवर्जून सांगा, नाहीतर साधी चक्कर समजली जाते.

गिझर मधेच बंद पडतो, सेन्सर "डायरेक्ट" करून द्याल का?

हेही नाही. "डायरेक्ट" म्हणजे सेन्सरच्या तारा एकमेकींना जोडून तो निकामी करणं. गिझर बंद पाडणं हे तर सेन्सरचं कामच असतं. आधी साधी कारणं बघा. टिकटिक आवाजच येत नसेल तर सेल उतरलेत, किंवा गच्चीवरच्या टाकीचा दाब कमी पडतोय, किंवा आतला रबरी डायफ्राम फाटलाय आणि मायक्रोस्विच दाबला जात नाही. टिकटिक होते पण पेटत नसेल तर गॅस पोचत नाही. पेटून काही मिनिटांनी विझत असेल तर तो तापतोय, किंवा त्याला हवा मिळत नाही, म्हणून सेन्सर त्याला थांबवतोय. बोअरचं पाणी असलेल्या घरांत तांब्याच्या नळीत क्षार साचतात. सायट्रिक ॲसिडचं पाणी फिरवून धुतलं, नंतर भरपूर साध्या पाण्यानं खळबळून काढलं, की गिझर परत पूर्वीसारखा चालतो. सेन्सरच्या तारा जोडून टाकणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि म्हणूनच ते इतकं पसरलंय.

पाइपच्या गॅसची शेगडी आणि सिलिंडरची शेगडी एकच का?

दिसायला एक, आतून नाही. घरगुती सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून गॅस साधारण ३० मिलिबार दाबानं येतो, पाइपचा गॅस २१ मिलिबारनं. शिवाय तेवढ्याच घनफळात पाइपच्या गॅसची उष्णता निम्म्याहून कमी. म्हणून पीएनजीचा जेट मोठ्या छिद्राचा असतो. एलपीजीची शेगडी तशीच पाइपला लावली तर ज्योत मिणमिणते. पीएनजीची शेगडी चुकून सिलिंडरला लावली तर ज्योत भडकते, आणि हे जास्त धोक्याचं. पुण्या-मुंबईहून जुनी शेगडी गावी पाठवण्याची आपल्याकडे पद्धतच आहे. पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस आणि मुंबईत महानगर गॅस घरोघर पोचल्यापासून अशा शेगड्या वाढल्यात. गावी आलेली शेगडी पेटवायच्या आधी जेट बदलून घ्या. मीटर आणि त्याच्या आधीची पाइप ही कंपनीची. तिथं फिरत्या मेकॅनिकनं पाना लावायचा नाही.

हॉटेल, चहाच्या टपऱ्या, आचारी यांचं काम घ्यावं का?

अनुभव आल्यावर. तिथं १९ किलोचे सिलिंडर आणि जास्त दाबाचे रेग्युलेटर असतात. भट्टीचा रेग्युलेटर घरगुती शेगडीला लावणं म्हणजे आग लावणंच, आणि लग्नाच्या गडबडीत हे घडतं. एका जागी १०० किलोपेक्षा जास्त एलपीजी साठवायला परवाना लागतो. तो देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. टपरीवर घरगुती लाल सिलिंडर दिसला तर काम नाकारा, घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे. मोठ्या सिलिंडरमधून लहानात गॅस भरून देणाऱ्याच्या तर दुकानातही थांबू नका. कॉलेजच्या पोरांच्या खोल्यांत डोक्यावर बर्नर बसवलेल्या अशा बारक्या टाक्या सर्रास दिसतात. त्यांना कंपनीचा ५ किलोचा सिलिंडर मिळतो हे सांगा. बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

पैसे किती घ्यावेत? पोट भरतं का?

येण्याचे पैसे, मजुरी आणि भागांची किंमत या तीन गोष्टी वेगळ्या सांगाव्यात, आणि खोलायच्या आधी सांगाव्यात. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. पावतीवर काय बदललं आणि कोणत्या तारखेला, हे लिहावं. नळीच्या वर्षाचं भांडण पुढे याच कागदानं मिटतं.

पहिलं वर्ष ओढाताणीचं जातं. पावसाळ्यात वाड्यांवर जाणं होत नाही, गाडी घसरते, हातही थंड पडतो. गौरी-गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत मात्र जेवायला सवड नसते. चकली तळताना बर्नर मंदावला की फोन आलाच. थंडी सुरू झाली की गिझर. घर चालतं, पण एकाच गावात बसून चालत नाही, गावांची फेरी बांधावी लागते. आठवड्याचा वार ठरला की लोक त्या दिवसासाठी शेगडी राखून ठेवतात. वार चुकवू नका.

"कंपनीकडून चेकिंगला आलोय" म्हणणारे खरे असतात का?

पाच वर्षांतून एकदा सक्तीची तपासणी असते हे खरं आहे, आणि ती वितरकाचा माणूस करतो. म्हणूनच खोट्यांचं फावतं. गळ्यात कार्ड, हातात वही, घरात दुपारी एकट्या आजी. शेगडीच्या पोटातून मेलेलं झुरळ काढून दाखवायचं, "स्फोट झाला असता" म्हणायचं आणि नळी, लायटर, जाळी असं सगळं दुप्पट भावात गळ्यात मारायचं. दारातच थांबवा, एजन्सीच्या पासबुकावरच्या क्रमांकावर फोन करून विचारा. खरा माणूस दारात उभा राहतो, त्याला राग येत नाही.

आम्हा फिरत्या मेकॅनिकांचं यामुळे फार नुकसान होतं. म्हणून मी कुणाकडे न बोलावता जात नाही, आणि घाबरवून एकही वस्तू विकत नाही. "मावशी, नळी चांगली आहे, अजून दोन वर्षं बघायला नको," असं सांगता येणं हे या कामातलं खरं कौशल्य आहे असं मला वाटतं. धोका असेल तेव्हा मग तुमचं लगेच ऐकतात.

बायका हे काम करू शकतात का?

का नाही? दुपारी घरात बायकाच असतात, त्यांना बाई मेकॅनिक आली तर बरंच वाटतं. कामाला ताकद फारशी लागत नाही, लागतो तो सबुरीचा हात. अडचण येते ती लांबच्या फेऱ्यांची आणि अंधार पडल्यावर परतण्याची. त्यामुळे तालुक्याच्या गावातच गिऱ्हाईक बांधलं तर हे काम त्यांना उत्तम जमेल.

कोकणात किंवा गोव्यात काम वेगळं असतं का?

गंज. खाऱ्या हवेनं पत्र्याची शेगडी तळातून खाल्ली जाते, सगळे स्क्रू जाम होतात. स्टेनलेस स्टीलची शेगडी घ्यायला सांगा आणि तळ उलटा करून बघायची सवय ठेवा.

काचेच्या शेगडीची काच फुटली, का?

काठाला आधीच टवका गेलेला असतो, किंवा तापलेल्या काचेवर गार पाणी पडतं, किंवा बर्नर झाकून बाहेर येईल एवढं मोठं पातेलं तासभर ठेवलेलं असतं. बसवताना स्क्रू गच्च आवळले तरीही. काचेखालचे रबरी वॉशर परत घालायला विसरू नका.

शेगडीबरोबर कुकरही दुरुस्त करावेत का?

करावेत, फेरी परवडते ती त्यामुळेच. गास्केट, शिट्टी, हँडल ही कामं सोपी आहेत. फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला असेल तर त्याच कंपनीचा त्याच मापाचा घाला. तो उष्णतेनं वितळणाऱ्या धातूचा असतो, शिट्टी चोंदली तर वाफेला वाट करून देण्यासाठी. त्या जागी नटबोल्ट आवळून दिलेले कुकर मी उघडून काढले आहेत. नवा व्हॉल्व्ह जवळ नसेल तर कुकर तसाच परत द्या, आणि पुढच्या फेरीला घेऊन या.